चौथा ड्रम

ड्रमकाकांचं खरं नाव आता फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांचे ब्रेक ड्रम लेथवर कातले. बाजारात न मिळणारे ड्रम ओतून आणून हुबेहूब घडवले. आता लेथ विकला गेला होता. पुढच्या रिकाम्या खोलीत छताला एक लोखंडी आकडा तेवढा राहिला होता. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घर खायला उठायचं.

त्या आकड्याची एक गंमत होती. ड्रम कुणाच्या हातचा ते ओळखायचं झालं, की काका तो आकड्याला टांगून लाकडी हातोडीने ठोकत, आणि आतून भाजी चिरता चिरता काकू निकाल देत. नाद लांब घुमला तर "कंपनीचा!" चटकन विझला तर "आपला!" समोरचं बोलणं काकांना कळायचं, पण असला बारीक फरक ऐकणारे कान लेथच्या घरघरीने केव्हाच कामातून गेले होते. हे गिऱ्हाइकाला सांगायची काय गरज? झाकली मूठ सव्वा लाखाची.

काकूंच्याच हट्टापायी काका स्वतः घडवलेल्या प्रत्येक ड्रमवर, बोल्टच्या भोकाशेजारी, पंचने एक बारीक टिंब मारत. "उद्या कुणीतरी आपला माल कंपनीचा म्हणून खपवेल, आणि नाव तुमचं जाईल," त्या म्हणायच्या.

सोमवारी सकाळी एक गाडीवाला चार ड्रम घेऊन आला. वडिलांची जुनी गाडी तो पूर्वी होती तशी पुन्हा उभी करत होता. या शनिवारच्या प्रदर्शनात अस्सल गाड्यांच्या रांगेत ती लागायची, तर चारही ड्रम मूळचे हवेत.

"तीन ड्रमांवर कंपनीचे नंबर सरळ जुळतात, काका. हा चौथा मात्र मला कळत नाही. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

काकांनी अंगठ्याच्या नखाने रंग खरवडला. टिंब दिसलं. काम दोन मिनिटांचं होतं, आणि दोन मिनिटांनी हा माणूस उठून जाणार होता.

"घाई करू नका. बघावं लागेल. उद्या या," काका म्हणाले, आणि चहा टाकला.

मंगळवारी काका दाढी करून बसले. गाडीवाल्याने वडिलांच्या गोष्टी सांगितल्या. ते गाडीला 'म्हातारी' म्हणायचे आणि उतारावर तिची विनवणी करायचे. काका पोटभर हसले. कितीतरी दिवसांनी त्या घरात दुसरा कप विसळला गेला. बुधवारी त्यांनी बिस्किटं आणून ठेवली आणि पुन्हा "उद्या या" म्हणाले. आपण खोटं वागतोय हे त्यांना कळत होतं, पण तोंड उघडत नव्हतं.

गुरुवारी गाडीवाला उभाच राहिला. "काका, आज सांगा. भंगारवाल्याकडे एक अस्सल ड्रम होता. हा चौथा चालेल या भरवशावर मी तो घेतला नाही. काल विकला गेला."

आता अस्सल म्हटलं, तर टिंबाबद्दल जगात कुणाला ठाऊक होतं? गाडी रांगेत लागेल, माणूस दुवा देईल, पुन्हा येईलही. त्यांनी ड्रम मांडीवर घेतला.

"हा माझ्या हातचा आहे. कंपनीचा नाही."

"नक्की?"

"नक्की. सोमवारीच कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही गेला असता," काका म्हणाले. "इथे कोणी येत नाही हो."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसते तीन ड्रम उचलले, चौथ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा राहू दे तुमच्याकडेच." पायऱ्या उतरताना तो एकदाही थांबला नाही. चहाला हातही लागला नव्हता.

काकांनी ड्रम आकड्याला टांगला. हातोडीने ठोकला आणि सवयीने स्वयंपाकघराकडे मान वळवली. मग कानाऐवजी बोटाचं टोक ड्रमला हलकेच टेकवलं. ड्रमची थरथर चटकन विझली.

"आपला," ते मोठ्याने म्हणाले, आणि आतून कुणी दुजोरा देईल म्हणून उगाच थोडा वेळ उभे राहिले.