गिरजाबाईची खूण

गिरजाबाई परटीण दारात आली की "बाई, आहात का?" असं कधी विचारायची नाही. सरळ दोरीवरच्या कपड्यांना हात लावून बघायची, नाक मुरडायची आणि म्हणायची, "हे का धुनं हाये मास्तरीनबाई? भिजवलं अन् टांगलं!" मला रागच यायचा. मी शहरात वाढलेली, चार इयत्ता जास्त शिकलेली, आणि ही मला धुणं शिकवणार! पण डोणगावात तिच्याशी भांडून चालत नसे. अर्ध्या गावाचे कपडे तिच्या घरी जात. अदलाबदल होऊ नये म्हणून बिब्याच्या रसात सुई बुडवून ती कपड्याला आतून ठिपके टोचायची. प्रत्येक घराची खूण वेगळी, आमचे तीन ठिपके. "मानसाचं तोंड इसरन, पन ठिपका नाही इसरनार," असा तिचा तोरा.

त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीनं तळ गाठला. एरवी बाळाची झबली मी घरीच धूत असे, पण प्यायलाच पाणी नाही तिथं धुणार कशात? माझी सुमन तेव्हा पाच महिन्यांची. तिचेही कपडे गिरजाबाई नदीच्या डोहावर नेऊ लागली. आठवडाभरात पोरीच्या मानेवर पुरळ उठलं.

मग काय, जो तो वैद्य! कुणी म्हणालं गोवर, कुणी म्हणालं दृष्ट. शेजारच्या काकूंनी तर निकालच दिला, "तूच वांगं खाल्लं असशील." मी वांगं सोडलं, तुरीची डाळ सोडली, दूधभाकरीवर राहिले. मेहकरच्या डॉक्टरांनी मलम दिलं, तेही लावलं. पोर रात्रभर मान घासायची, ओरबाडून रक्त काढायची. हे शाळेच्या कामाला अकोल्याला गेलेले. तिला खांद्यावर घेऊन मी नऊ रात्री येरझारा घातल्या. नवव्या रात्री माझा हात तिच्यावर उठला. पाच महिन्यांच्या लेकरावर! आजही लिहिताना लाज वाटते.

रडणं ऐकून मागच्या गल्लीतून गिरजाबाई आली. "द्या इकडं. निजा तुमी. मी हावो ना."

"तुला पहाटे नदीवर जायचंय."

"नदी काय पळून जाते का?"

तिनं सुमनचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरले आणि कडुनिंबाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी मानेवर ठेवत बसली. पाण्यानं फाटलेले खरबरीत हात ते, पण पोर त्यांच्यात निवायची. अशा चार रात्री ती आली. दिवसा धुणं, रात्री माझं लेकरू.

चौथ्या रात्री तिनं मला हलवून उठवलं. कंदील पोरीच्या मानेजवळ धरला होता. "पाहा." पुरळात तीन फोड इतरांपेक्षा मोठे होते, एका ओळीत. तिनं झबलं उलटं केलं. गळ्याशी, आतून, तेच तीन ठिपके. बिब्याच्या रसानं कातडी भाजते, फोड येतात; पण मोठ्यांच्या निबर कातडीला धुतलेल्या ठिपक्यानं कधी काही झालं नव्हतं, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"बिबा उतला पोरीले," ती म्हणाली. "माह्याच हातचा."

माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात आम्ही पोरीला गुंडाळलं, खोबरेल लावलं. पहाटेपर्यंत ती शांत झोपली. मी गिरजाबाईला म्हटलं, "झालं ते झालं. कुठं बोलू नकोस. धंदा बसेल तुझा. मीही कुणाला सांगणार नाही." आपलं मन केवढं मोठं, असंही मला वाटून गेलं, खोटं कशाला सांगू!

तिनं माझ्याकडे बघितलं. "काऊन नाही बोलू? माह्या ठिपक्याचे कपडे घालनारे गावात अजून सात-आठ लेकरं हायेत. त्याईच्या मायाबी जागूनच राह्यल्या असतीन ना?"

तिच्या नवऱ्यानं अडवलं, तरी उजाडताच ती निघाली. तान्हं मूल असलेल्या प्रत्येक घरी स्वतःच्या तोंडानं सांगत सुटली. मी ओट्यावर उभी होते. एका घरातून बाईचा चढलेला आवाज साऱ्या गल्लीत ऐकू येत होता. थोड्या वेळानं गिरजाबाई बाहेर आली, पदरानं तोंड पुसत.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"लय गाल्या देल्या बाई. उद्यापासून दारात येऊ नको म्हने," गिरजाबाई म्हणाली. "पन पोराचं झबलं तिनं माह्यासमोरच काढलं."

आणि ती पुढच्या घराकडे चालू लागली.