पन्हाळीच्या आतलं नाव

काल नातीने गॅरेजमध्ये सोल्डरिंग केलं आणि त्या वासाने मला थेट ओहायोत, हर्मनच्या दुकानात नेलं. ऐंशीच्या दशकात मी तिथल्या विद्यापीठात शिकत होतो. पत्र्याचं काम करणारा हा जर्मन घराण्यातला म्हातारा माझा घरमालक होता.

त्या दुपारी त्याने चर्चची जुनी पन्हाळ उतरवून आणली होती. आत खिळ्याने कोरलेलं नाव त्याने मला बोटाने चाचपायला लावलं.

"माझे पणजोबा. आम्ही सगळेच कामाच्या आत नाव कोरतो. तुझे आजोबा काय करायचे?"

"तांबट होते. घागरी घडवायचे."

"मग नाव कुठे कोरायचे?"

"काठावर. गिऱ्हाइकाचं."

"अरे, स्वतःचं?"

स्वतःचं त्यांनी कधीच कोरलं नव्हतं. त्या गंजक्या पत्र्याचा मला इतका हेवा वाटला की पन्हाळ उचलून आपटावीशी वाटली.

आजोबांच्या हातची एकच घागर माझ्याकडे आहे, कुणी न्यायलाच न आलेली. नातीने काल तिच्या काठावरून बोट फिरवलं.

"आजोबा, व्हॉट डझ इट से?"

"सरूबाई."

"हू इज शी?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो, आणि इतक्या वर्षांनी हर्मनवर पुन्हा तितकाच जळलो.