सासूवर वाचलेला शोधनिबंध

मी एकदा माझ्या सासूवर शोधनिबंध वाचला. सासू पहिल्या रांगेत, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. आणि मी व्यासपीठावर, नव्या इरकलीत. एवढा मोठा मूर्खपणा मी त्याआधी केला नव्हता आणि त्यानंतर जमला नाही. गंमत म्हणजे निबंधात एकही वाक्य चुकीचं नव्हतं. चुकीचं असतं तर आज मी सुखानं झोपले असते.

आमच्या घरी सासूला आत्याबाई म्हणायची रीत. माकणी गाव मात्र त्यांना पाठीमागं 'आडकित्ता' म्हणायचं, कारण मधे जे सापडेल त्याचे दोन तुकडे. मी लग्न होऊन आले, तेव्हा पहिलं वाक्य कानावर आलं ते असं: "पुस्तकं लई वाचलीस म्हणं. त्यात डोळं गेलं ते गेलं, नाकबी गेलंय का? दूध करपलंय." मी तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवायला जायचे. त्या मला 'मास्तरीण' म्हणत, आणि त्या एका शब्दात जेवढा तुच्छपणा मावेल तेवढा दाबून भरत. भावकीतली एक सून सासऱ्याच्या मढ्यावर पडून ओरडत होती, तर तिच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दमानं रड. जित्याला भाकर घातली आसतीस, तर एवढी मेहनत पडली नसती." ती गपकन थांबली. मयताला आलेले लोक हसू दाबत बसले.

या बाईच्या तावडीतून एकच माणूस सुटलेलं होतं. शेजारची गोदूबाई. गोल, गोरी, तोंडात दात नाही, आणि काहीही ऐकलं की पदर तोंडाला लावून खिदळायची. रोज दुपारी ती आमच्या ओट्यावर यायची आणि आत्याबाई तिच्यासाठी सुपारी कातरायच्या. इतकी बारीक, की जिभेवर ठेवली की विरघळावी. एकदा माझ्या वडिलांनी सुपारी मागितली. त्यांच्या हातावर अख्खं खांड ठेवलं. "दात हायत न्हवं तुमाला?"

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे सासरे पायावर भिंत पडून ढिगाऱ्यात अडकले होते. तीच गोष्ट ते पुढं जन्मभर पाहुण्यांना रंगवून सांगत. "म्या खालून हाका मारतुया, अन् ही वर हुभी राहून वरडतीया, गोदे कुठंयस? गोदी घावली, मंग माझा नंबर लागला!" सगळे हसायचे. आत्याबाई हसायच्या नाहीत. पुढं पुनर्वसनात घरं मिळाली, तेव्हा पाणंदीकडचं चांगलं घर सोडून त्यांनी गोदूबाईच्या शेजारचं, उतारावरचं घर घ्यायला लावलं. पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात पाणी शिरायचं. ते मी काढायचे.

रविवारी टीव्हीवर पिक्चर असायचा. दोघी खाली, मी खुर्चीत. एकदा हिरो गोळी लागून मित्राच्या मांडीवर मरत होता आणि नटी दूर उभी राहून रडत होती. आत्याबाई म्हणाल्या, "सगळा जीव दोस्तात. मंग ही बया कशाला घातली मधी?"

गोदूबाई म्हणाली, "नाचाया."

"व्हय. अन् लोकांनी बोलू न्हाय म्हणून."

मी तेव्हा वह्या तपासत होते. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. ते शिरायला मला मोठ्या शहरात जाऊन प्राध्यापकांचा उजळणी वर्ग करावा लागला. तिथं एका बाईंनी आम्हाला क्वीअर सिद्धांत शिकवला. साहित्यात, सिनेमात, रीतीरिवाजात जोडी म्हणजे बाप्या आणि बाईच, असं धरून चालू नका. कोण कुणाकडं बघतंय, कुणाच्या जाण्यानं कुणाचा घास अडतोय, ते बघा. माझी चाळिशी उलटलेली, आणि चष्मा नवा. परतीच्या एस.टी.त मला रस्त्यावरचे मैलाचे दगडसुद्धा एकमेकांकडं बघताना दिसायला लागले.

घरी आले तर खजिना जात्यावरच होता. आत्याबाई डाळ भरडताना ओव्या म्हणत. मी दाराआड टेपरेकॉर्डर ठेवला.

माझ्या गं दारावरनं पाण्याला गोदू गेली
हातातल्या घासाला माझ्या चव न्हाय राहिली

आणि दुसरी, शेजीची म्हणजे शेजारणीची:

भरतार गेला गावा, त्याची सय येई सांजं
शेजीच्या बांगड्याचं दिसभर कानी वाजं

गोदूबाई ओट्यावर आली, की या ओव्या बंद होत आणि देवाच्या सुरू होत. हे माझ्या चाणाक्ष नजरेतून सुटलं नाही. मी त्याची तळटीप केली.

मग कॉलेजात लोकसाहित्यावर चर्चासत्र. मीच सुचवलं, ओवी गाणाऱ्या दोन ज्येष्ठ महिलांचा सत्कार करू. गोदूबाईचा मुलगा उत्तम दोघींना जीपमधून घेऊन आला. आत्याबाईंनी लुगड्याची घडी मोडली होती. शाल अंगावर पडताच म्हणाल्या, "मेल्यावर टाकायची ती आजच टाकली व्हय?" सभागृह खुश.

मग मी उभी राहिले. दोन्ही ओव्या चालीवर म्हटल्या. सुपारी सांगितली, भूकंप सांगितला, उतारावरचं घर सांगितलं. आणि शेवटी आवाज खाली आणून, जसा त्या वर्गातल्या बाई आणायच्या तसा, म्हणाले, "या ओव्यांतलं प्रेम नवऱ्यावरचं नाही. हे एका स्त्रीचं दुसऱ्या स्त्रीवरचं प्रेम आहे, देहाच्या ओढीसकट. आणि त्या दोघी आज आपल्यासमोर बसल्या आहेत."

मी टाळ्यांसाठी थांबले. मागच्या बाकांवरून शिट्टी आली. गोदूबाईनं एकदाच मान वळवून आत्याबाईंकडं पाहिलं. मला, कपाळकरंटीला, ती नजर कृतज्ञतेची वाटली. उत्तम उठला, आईचा दंड धरला आणि तिला घेऊन गेला. नारळ खुर्चीवर राहिला. आत्याबाई माझ्यासोबत एस.टी.नं आल्या, खिडकीकडं तोंड करून.

दुसऱ्या दिवशी दोन घरांच्या मधे बोराटीच्या काट्या पडल्या. गोदूबाईचं दार दुपारी बंद राहू लागलं. पारावरची पोरं आत्याबाईंना बघून बांगड्यांचा आवाज काढत. जिनं एका वाक्यात माणूस उभा कापायचा, ती खाली बघून पुढं जायची. मला वाटलं, माझा आता भुगा होणार. झालं काहीच नाही. त्यांनी मला मास्तरीण म्हणणं सोडलं. दूध उतू गेलं, भाकरी करपली, तरी शब्द नाही. सुनेला याहून मोठी शिक्षा अजून कुणी शोधलेली नाही.

माझी नात पुण्यात आता हेच शिकते. ती म्हणते, "आज्जी, तू किती पुढची होतीस!" मी म्हणते, "व्हय, इतकी पुढं, की मागं कोण चिरडलं ते दिसलं नाही." चष्मा चांगला होता गं. आजही मी त्यातूनच वाचते, आणि पुष्कळ दिसतं. पण तो लावून मी दुसऱ्याच्या न्हाणीत डोकावले, आणि वर बाहेर येऊन गावाला सांगितलं.

चर्चासत्र झालं त्याच थंडीत गोदूबाई गेली. आत्याबाई काट्यांना वळसा घालून दारापर्यंत गेल्या. उत्तम उंबऱ्यात आडवा झाला. "काकू, तुमी घरीच ऱ्हावा. गाव बघायलाच टपलंय." तिरडी निघाली ती त्यांनी काट्यांच्या अलीकडून पाहिली.

शेजारणीचं सुतक नसतं. आत्याबाई घरी येऊन डोक्यावरून न्हायल्या. तेराव्यापर्यंत केसांना तेल नाही, जेवणात गोड नाही, आणि निजल्या त्या घोंगडीवर. ते बघताना माझ्या मनात काय आलं सांगू? हे निबंधात हवं होतं.

तेराव्याच्या दुपारी मी चहा घेऊन त्यांच्यापाशी बसले. म्हटलं, "आत्याबाई, एकदा शिव्या तरी घाला. मी खोटं बोलले का?"

त्यांनी कप बाजूला सारला.

"खोटं न्हाय बोललीस. पर जे म्या तिला जलमात तोंडानं बोलले न्हवते, ते तू भोंग्यावर बोललीस. अन् ती मेली ती ह्येच समजून, की म्याच तुला सांगितलं."