घंटेवाल्यांनी न दिलेली दवंडी

१९७३ सालचा मे महिना, सोमवार. मी मोरीत बसून रिकामं पिंप राखेनं घासत होते. पिंपात पाणी असतं तर ते घासायला सवड कुठली! खानावळ चालवणाऱ्या बाईला दुष्काळानं दिलेली ही एवढीच सवलत. तेवढ्यात दाराशी घंटेवाले येऊन उभे राहिले. हात मोकळे होते. त्या माणसाला मी घंटेशिवाय कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळं ओळखायला क्षणभर लागला.

"बाई, निगालो," ते म्हणाले.

ते कुठं निघाले आणि कुणामुळं निघाले, हे मी सांगणार आहे. गावाचं नाव मात्र सांगत नाही. श्रीरामपुराहून फार लांब नाही, एवढंच. ज्या सभापतींबद्दल लिहायचं आहे त्यांचे नातू अजून तिथं राहतात आणि माझं भांडण नातवांशी नाही.

घंटेवाले म्हणजे आमच्या नगरपालिकेचे दवंडीवाले. नळ कधी येणार, देवी टोचायला कुठं जायचं, बाजार कोणत्या बाजूला हलवला, हे सगळं गावाला त्यांच्या तोंडून कळायचं. आवाज काही पहाडी नव्हता. त्यांची खरी करामत थांबण्यात होती. दवंडी ज्याला ऐकवायची, नेमके त्याच्या दारासमोर थांबायचे. मोकाट कुत्र्यांची दवंडी असली की ज्यांचा कुत्रा पोस्टमनला चावला त्या वकिलांच्या पायरीसमोर. कुणाचं नाव घ्यायचे नाहीत, पदरचा शब्द घालायचे नाहीत. "काय बोलायचं ते हापिसानं सांगायचं. कुटं थांबायचं ते माजं," असं म्हणायचे. लोकही शहाणे झाले होते. घंटा वाजली की आधी बाहेर येऊन ते कुठं थांबलेत ते पाहायचे आणि मग काय म्हणतात ते ऐकायचे.

एकदा 'गटारात उष्टं-खरकटं टाकू नये' ही दवंडी देताना ते माझ्या खानावळीसमोर थांबले. मी पदर खोचून बाहेर आले.

"गल्लीत दुसरं गटार दिसलं नाही का तुम्हाला?"

"दिसलं की, बाई. पन भात ह्याच्यात दिसला."

जेवणाऱ्यांत हशा पिकला. मी त्या दिवशी पोऱ्याला नाही, स्वतःलाच कामाला लावलं आणि गटार साफ केलं. त्यानंतर ते उन्हातून जाताना दिसले की मी त्यांना ताक द्यायची. घरातल्या पेल्यातून द्यायची. शेजारच्या एकदोघींनी नाक मुरडलं. मी म्हटलं, पेला माझा आहे, नाक तुमचं आहे.

घंटेची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ते नोकरीला लागले तेव्हा हेडक्लार्कनं त्यांच्यापुढं हलगी टाकली होती. आधीचा दवंडीवाला हलगी वाजवायचा. घंटेवाल्यांनी ती उचलून टेबलावर ठेवली. "साहेब, बाबासाहेबांच्या मागनं आमी धम्मात गेलो तवा माज्या बापानं ही गळ्यातनं काडली. आता पालिकेच्या पगारावर मी परत घालू व्हय?" हेडक्लार्क बराच वेळ नियम शोधत राहिला. हलगीच वाजवावी असा नियम सापडेना. शेवटी बंद पडलेल्या शाळेची पितळी घंटा त्यांना मिळाली. ती ते रोज चिंच लावून घासायचे. पुढं सभापतींच्या मुलाच्या वरातीत हलगी धरायला त्यांना बोलावणं आलं. गेले, धुतलेलं धोतर नेसून, घंटा घेऊन. सभापती म्हणाले, "अरे, हे काय आणलंस?" तर म्हणाले, "मी पालिकेचा मानूस, साहेब. पालिकेचं लगीन असंल तर वाजवतो." वऱ्हाडी हसले. सभापती हसले नाहीत. ते लक्षात ठेवणाऱ्यांतले होते. मीही आहे.

दवंडी देण्याआधी घंटेवाले प्रत्येक गोष्ट स्वतः पाहून यायचे. डॉक्टर आलेत म्हणून सांगायचं असेल तर आधी दवाखान्यात डोकावून यायचे. ही सवय त्यांना समुद्रानं लावली. तरुणपणी ते कोकणात एका बंदराच्या शहरात चुलतभावाकडं राहिले होते. तो तिथल्या नगरपालिकेचा दवंडीवाला. तिथली दवंडी वादळाची, उधाणाची, होड्या बाहेर काढू नका याची. एकदा मासळीच्या एका व्यापाऱ्यानं हापिसात कुणाला तरी हाताशी धरून, वारं पडलं अशी दवंडी देववली. वारं पडलेलं नव्हतं. होडी गेली ती एक माणूस कमी घेऊन परत आली. "भाऊ घंटा दारात टाकून रडला," घंटेवाले सांगायचे. "तवापासनं हुकूम हापिसाचा आला तरी आदी धक्क्यावर जाऊन दर्या बगायचा, मंग तोंड उगडायचा. खोटी दवंडी म्हंजी मानूस मारनं हाय, बाई."

बहात्तरचा पाऊस गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात भंडारदरा धरणाच्या पाण्याचं आवर्तन लांबलं. पालिकेचा तलाव कालव्यावर भरायचा, तो तळाला गेला. आमच्या गल्लीच्या नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. गल्लीच्या तोंडाशी सभापतींचा बंगला. ते पाणीपुरवठा समितीचे सभापती. कंपाउंडात मोसंबीची झाडं, आणि त्या उन्हाळ्यातही ती अशी हिरवीगार की पाहून डोळ्यांत तिखट जावं. नळ वेगळा घेतलेला. सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

मग पालिकेनं हुकूम काढला, की पिण्याचं पाणी झाडांना घालू नये, घातल्यास नळ तोडण्यात येईल. घंटेवाले गल्लीत आले आणि सभापतींच्या फाटकासमोर थांबले. आत नळी सुरू होती. झाडांची आळी भरून पाणी फाटकाखालून रस्त्यावर आलं होतं, घंटेवाल्यांच्या वहाणा भिजत होत्या. त्यांनी घंटा वाजवली आणि हुकूम म्हटला. परत म्हटला. बायका हंडे घेऊन बाहेर आल्या. सभापती गंजिफ्रॉकवर व्हरांड्यात आले.

"कळलं की रे. चल, पुढं हो."

"तीनदा सांगायचा कायदा हाय, साहेब."

आणि तिसऱ्यांदा म्हटला. माझ्या शेजारची म्हातारी पुढं झाली आणि फाटकाखालच्या ओघळाला वाटी लावून बसली. एवढं हसू त्या गल्लीत दुष्काळ पडल्यापासून झालं नव्हतं.

त्याची किंमत आम्ही मोजली. दोन-तीन दिवसांत गल्लीचं पाणी साफ बंद. व्हॉल्व्ह बंद केला तो पालिकेच्या ओव्हरसियरनं, सभापतींच्या सांगण्यावरून. हा ओव्हरसियर पुण्याकडचा, बायकामुलं तिकडं, आणि दोन्ही वेळ जेवायला माझ्याकडं. माझ्या ताटात जेवून माझंच पाणी तोडलं त्यानं. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "व्हॉल्व्ह तुटलाय, बाई. तुमच्याच गल्लीतल्या लोकांनी तोडलाय म्हणतात."

तसाच हुकूम घंटेवाल्यांकडं आला. गल्लीतल्या लोकांनी नासधूस करून व्हॉल्व्ह तोडला, सबब पाणी बंद, असं गावभर सांगायचं. ते आधी गल्लीच्या तोंडाशी, माझ्या दारातून दिसणाऱ्या चौकात गेले. व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरचं झाकण उचलून खाली उतरले, हात लावून पाहिला, आणि मग गल्लीत आले. या वेळी कुणाच्या दारासमोर नाही, मधोमध उभे राहिले. घंटा वाजवली. आम्ही सगळे बाहेर. ते बोलेनात.

"अवो, सांगा की," कुणीतरी म्हणालं.

"सांगायला दिलंय," घंटेवाले म्हणाले. "पन वॉल तुटलेला न्हाई. मी बगून आलो. म्हनून सांगत न्हाई."

एवढं बोलून घंटा काखेत धरून निघून गेले. पदरचं असं ते पहिल्यांदाच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांची बदली झाली, मैला वाहणाऱ्या गाडीवर. ज्या माणसाचा बाप गावकी टाकून ताठ झाला होता, त्याला सभापतींनी विचार करून, जागा शोधून, तिथं नेऊन बसवलं. चिडून दिलेली शिक्षा मी समजू शकते. ही निवडून दिलेली होती. आणि ती खोटी दवंडी भाड्याच्या टेम्पोवर भोंगा बांधून गावभर फिरवली. बाजारात भाजीवाली मला म्हणाली, "तुमच्या गल्लीनं वॉल मोडला म्हनं. लई माज आला व्हय?" भोंगा कुठं थांबत नाही, त्यामुळं त्याला विचारताही येत नाही.

तर त्या सोमवारी घंटेवाले नोकरी सोडून मला सांगायला आले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी होती. चुलतभाऊ थकला होता, त्याच्याकडं जाणार म्हणाले.

"परत समुद्रावर?"

"व्हय. तिथं वादळ सभापतीला इचारून येत न्हाई."

मी हात धुतले नाहीत, कारण धुवायला काही नव्हतं. राख पदराला पुसली आणि त्यांच्यासाठी भाकरी-ठेचा फडक्यात बांधला. बोलायचं खूप होतं, पण मला तसं बोलता येत नाही. विचारलं एवढंच, "तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की. लई येतो," ते म्हणाले. "रातच्याला सभापतीच्या मोसंब्या मुळासकट उपटतो मी, मनात. सकाळी परत उगवत्यात." मग गाठोडं काखेला मारून म्हणाले, "गल्लीवर आळ राहिला, बाई. ते लागून राहिलंय. म्या खोटं सांगितलं न्हाई खरं, पन खरं कुटं सांगितलं गावाला?"

त्यांनी हात जोडले. मीही जोडले. ते वळणाआड गेले तोवर मी दारात उभी होते. नंतर ते मला कधी भेटले नाहीत. ते शेवटचं वाक्य मात्र रात्रभर भेटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेशनच्या लाल मिलोच्या, त्या अमेरिकी ज्वारीच्या, भाकरी केल्या. घशात काठी अडकावी तशी ती भाकरी अडकायची. सोबत ठेचा केला, नेहमीच्या दुप्पट मिरच्यांचा. पंगत बसली. स्टेशनवरच्या नळाचं पाणी मी डोक्यावरून आणलं होतं, ते सगळ्यांना पेला पेला वाढलं. ओव्हरसियरच्या ताटाजवळ तांब्या पालथा ठेवला.

त्यानं भूक लागल्यासारखे घास घेतले. मग कान लाल झाले.

"बाई, पाणी."

"व्हॉल्व्ह तुटलाय ना?" मी म्हटलं. "तुम्हीच म्हणालात."

"अहो, थट्टा पुरे."

"थट्टा नाही. हे पाणी मी स्टेशनवरून वाहून आणलंय. तुमचं चौकात आहे."

शेजारच्या कारकुनानं आपला पेला हळूच त्याच्याकडं सरकवला. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तो परत ओढून घेतला. पंगतीत कुणी घास चावेना. ओव्हरसियरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढं एक पाणी त्या घरात फुकट होतं. शेवटी तो उठला. हात धुवायलाही काही नव्हतं, म्हणून खरकटा हात तसाच अंगापासून लांब धरून चौकाकडं निघाला. गल्लीतल्या बायका उंबऱ्यावर आल्या. सभापतींच्या फाटकावरून तो खाली मान घालून गेला. चौकातल्या पालिकेच्या चौकीतून व्हॉल्व्हची चावी काढली आणि खड्ड्यात उतरला.

थोड्या वेळानं माझ्या मोरीतला नळ फुर्रर्र करून गढूळ पाणी ओकला, मग स्वच्छ धार लागली. गल्लीत हंड्यांचा एकच खणखणाट सुरू झाला. ओव्हरसियर धापा टाकत दारात आला. ओठ सुजले होते.

"आलं पाणी, बाई. आता तरी द्या."

मी पालथा तांब्या सुलटा केला, भरला, आणि माझ्या हातातच ठेवला.

"आधी चौकात जा आणि सांगा, व्हॉल्व्ह तुटला नव्हता, बंद केला होता. कुणी करायला लावला तेही सांगा. भाजीवालीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"माझी नोकरी जाईल."

"एकाची गेलीय. ते मेले नाहीत."

त्यानं तांब्याकडं एकदा पाहिलं. मग गेला. चौकात उभा राहून त्यानं तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसता घोगरा आवाज निघाला.

"ऐकू आलं नाही," मी दारातून म्हणाले.