स्वराखालची रेघ

गाण्याची वही हातात आली की सुमतीबाई आधी स्वरांच्या खाली बघत. कोमल स्वर लिहिताना त्याच्याखाली आडवी रेघ देतात. ती एखाद्या ‘ग’खाली राहून गेली असेल तर वही परत मिळायची. “कोमल म्हणजे स्वर उतरलाय, पडलेला नाही,” त्या म्हणायच्या. “त्याची जागा ठरलेली असते. ती दाखवायला नको?”

नाशिकला पंचवटीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी अकरा वर्षं शिकले. त्यांच्या पंचाहत्तरीला आम्ही शिष्यांनी त्यांच्या वीस बंदिशींचं छोटं पुस्तक काढायचं ठरवलं. छपाई माझ्याकडे होती. शेवटचं प्रूफ मी घाईत नुसतं चाळलं. प्रकाशनाला तीन दिवस उरले असताना शंभर प्रती बाईंच्या घरी आल्या. बाईंनी पहिलं पान पाहिलं आणि पुस्तक मिटलं. फाँट बदलताना सगळ्या रेघा उडाल्या होत्या. चार-चार कोमल स्वरांची भैरवीसुद्धा शुद्ध स्वरांत छापली गेली होती.

छापखान्याच्या मालकांनी शुद्धिपत्रक चिकटवायचं सुचवलं. मला तर मान वर करवेना. बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “शुद्धिपत्रक कोण बघतं? पोरं समोरचं पान बघून गातात. काळी पेनं घेऊन ये.”

पुढचे दोन दिवस आम्ही सहाजणी सतरंजीवर प्रती मांडून बसलो. बाई एकेक ओळ गायच्या आणि कोमल स्वर आला की आम्ही रेघ ओढायचो. दुसऱ्या दुपारी त्यांचा आवाज बसला. आम्ही थांबायला सांगितलं, तर त्या पेटीवर वाजवू लागल्या. संध्याकाळी शंभरावी प्रत झाली, तेव्हा त्यांनी ती स्वतः पहिल्या पानापासून तपासली.

प्रकाशनाच्या दिवशी चूक कशी झाली हे मी सभेत सांगणार होते. बाईंनी माईक आधी आपल्याकडे घेतला. “यातला प्रत्येक कोमल स्वर माझ्या मुलींनी हातानं लिहिलाय,” त्या म्हणाल्या. “असं पुस्तक आणखी कुणाकडे असेल तर दाखवा.”

बाईंना जाऊन आता दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात मी मालेगावला गायनाची परीक्षा घ्यायला गेले होते. एका चुणचुणीत मुलीनं त्याच पुस्तकातली बंदिश घेतली. कोमल गांधारावर ती इतकी नेमकी उतरली की माझं पेन थांबलं. तिनं बाईंना कधी पाहिलंही नव्हतं. कुठून शिकलीस, असं विचारल्यावर ती म्हणाली, “पुस्तकावरून, मॅडम. जसं लिहिलंय तसंच गायले.”

परीक्षकानं जास्त बोलू नये, हे मला ठाऊक होतं. तरी मी तिला सांगितलं, “ही बंदिश माझ्या बाईंची आहे.”