गेटच्या अलीकडे

मी क्लबचा ड्रायव्हर. समैस्मा या किनाऱ्यावरच्या गावातल्या बंगल्यातून एका खेळाडूला रोज मैदानावर न्यायचो. तो ब्राझीलचा फुटबॉलपटू, गोल मारायचं काम त्याचं. पोर्तुगाल, तुर्कस्तान, चीन, जपान असं खेळत खेळत कतारला आलेला. क्लबचं गेट यायच्या जरा अलीकडे तो "यल्ला, स्टॉप", म्हणजे चल, थांबव, असं म्हणायचा आणि उतरून गाडीभोवती लंगडत फेऱ्या मारायचा. आखडलेला गुडघा मोकळा झाला की पुन्हा येऊन बसायचा. मग कोचसमोर उतरताना त्याची चाल बघावी, विशीतलं पोरगं वाटायचं.

त्या दिवशी त्याचा करार वाढवायचा की नाही, ते ठरणार होतं. वाटेतच मॅनेजरचा फोन आला, तोही स्पीकरवर.

"घुटना कैसा है उसका? सच बोलना."

त्याला हिंदी येत नव्हती, पण गुडघा चोळणारा त्याचा अंगठा जागीच थांबला. माझी नोकरीही याच मॅनेजरच्या हातात.

"एकदम ठीक है, सर."

फोन बंद झाला. समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सगळीकडे आधी ड्रायव्हरलाच विचारतात."

"मग ड्रायव्हर काय सांगतात?"

"खरं सांगतात. उगाच का मी इतके देश फिरलो?"