लाल दोऱ्याचं कार्ड

चूक माझी होती. एवढं बोलायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत पावणे गावातल्या आमच्या कारखान्यातले स्टोअरकीपर गेटवर बसून टेम्पोंचे नंबर लिहीत होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रसायनांचा छोटासा कारखाना. साहेबांनी कॉम्प्युटर घेतला आणि मला त्याच्यापुढे बसवलं. खरेदी, स्टोअर आणि उत्पादन असे तीन प्रोग्रॅम मी लिहिले. प्रत्येकाची वस्तूंची यादी वेगळी. का वेगळी, हे आजही मला धड सांगता येणार नाही. प्रोग्रॅम जसजसा तयार झाला तसतशी त्याची यादी होत गेली, एवढंच. पुढे तिन्ही एकमेकींशी जुळेनात. म्हणून मी सगळ्यांची मिळून एकच यादी करायला घेतली आणि सुरुवात स्टोअरपासून केली.

स्टोअरकीपर जवळच्याच बोनकोडे गावचे, माझ्याहून बरेच मोठे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. प्रत्येक खणावर त्यांनी पुठ्ठ्याचं कार्ड टांगलेलं असे. पाइपांच्या जोडात बसवायच्या काळ्या रबरी गॅस्केटची मात्र दोन कार्डं होती. माप तेच, मजकूर तोच, फक्त एकाला लाल दोरा बांधलेला. एकच वस्तू दोनदा आली आहे असं समजून मी एक नोंद पुसली.

"दोन कार्डं हायेत ती उगाच नाय, साहेब," मामा म्हणाले. "दोऱ्यावाली ॲसिडच्या लायनीची. दुसरी साध्या पान्याच्या लायनीची."

"मामा, कॉम्प्युटरला दोरा कुठे बांधू?"

"मंग घेतलाय कशाला? आमचा पुठ्ठा बरा."

स्टोअरमधले सगळे हसले. मीही हसलो. त्यांचं म्हणणं एका कागदावर लिहून घेतलं आणि तो कागद कुठे ठेवला ते विसरलो. छापील यादी स्टोअरमध्ये गेली. एक कोड, एक खण. मामांनी मला आणखी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा "यादीप्रमाणे करा" म्हणालो. त्यांनी दोन्ही खण एकत्र केले.

महिन्याभरात ॲसिडच्या लाइनवर पाण्याची गॅस्केट बसली आणि फाटली. नशिबाने कुणाला इजा झाली नाही, पण प्लँट दोन दिवस बंद राहिला.

साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"यादीत एकच हाय," मामा म्हणाले. "मी यादीपरमानं केलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा पार गोंधळ उडाला. स्टोअरच्या यादीत एकच होती, कारण मी एक पुसली होती. खरेदीच्या यादीत अजून दोन होत्या, कारण तिथपर्यंत माझं काम पोचलंच नव्हतं. मग खरी यादी कुठली? मला तेव्हा खरंच सांगता आलं नसतं.

"कॉम्प्युटरमध्ये दोन आहेत, साहेब," मी म्हणालो.

मामांच्या हातात छापील यादी होती. त्यांनी ती पुढे केली नाही, घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना गेटवर बसवलं.

रोज सकाळी मी गेटमधून आत जायचो. ते हसून विचारायचे, "काय साहेब, मी आता कंच्या यादीत?" मी घड्याळाकडे बघत पुढे सरकायचो. दरम्यान मी तिन्ही याद्या एक केल्या. गॅस्केट कशासाठी वापरायची, याचा वेगळा रकाना घातला. प्रोग्रॅम नीट चालू लागला, साहेबांनी पाठ थोपटली, आणि मला जेवण जाईना. नेमकं काय टोचतंय तेच कळत नव्हतं. नोंद पुसली ते, की केबिनमध्ये बोललो ते?

एका सकाळी गेटवर थांबलो. "मामा, ती यादी आहे का अजून?"

"हाय की." डब्याच्या पिशवीतून त्यांनी ती काढली. घड्यांवर विरलेली.

त्यांना घेऊन मी केबिनमध्ये गेलो. यादी साहेबांच्या टेबलावर उलगडून ठेवली, ती कशी झाली ते सांगितलं, आणि मामांकडे वळलो.

"मामा, नोंद पुसली तेव्हा मला कळत नव्हतं. पण 'दोन आहेत' म्हणालो तेव्हा तुमचं काय होणार, ते कळत होतं. तरी बोललो. मला माफ करा."